आत्याची उलटतपासणी

माझ्याबरोबर लग्नाला यायला घरातलं कुणी तयार नसतं. मी बेळगावात वकिली करते आणि माझ्याकडे येणारी बरीचशी कामं अपघाताच्या नुकसानभरपाईची असतात. त्याचा परिणाम असा झालाय की मंगल कार्यालयात शिरल्यावर मला नवरा-नवरी दिसतच नाहीत. दिसते ती हात धुवायच्या जागेपुढची ओली फरशी, स्टेजच्या पायरीवर नुसताच टाकलेला आणि कडेला दुमडलेला गालिचा, आणि ज्याची वायर पंगतीतून आडवी गेलीय असा उभा पंखा. मी जेवता जेवता वाढप्याला बोलावते आणि वायर भिंतीकडून घ्यायला लावते. नवरा तेवढा वेळ ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत बसतो.

बेळगावच्या शहापूर भागातली आमची गल्ली अरुंद. तिथून कुणी बाई मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून निघाली, की मी गॅलरीतून ओरडायची, "अहो, पदर! पदर चाकात जाईल!" एकदा एका बाईचा मी असाच जीव वाचवायला गेले, तर ती एवढी दचकली की मागच्या मागे खाली आली. गाडी अजून सुरू व्हायची होती म्हणून लागलं काही नाही. पण तेव्हापासून गॅलरीतून मार्गदर्शन करायला मला घरातून बंदी आहे.

या सगळ्याची सर्वात जास्त चेष्टा करायची ती माझी निपाणीची आत्या. वडिलांची धाकटी बहीण. तिनं साठी ओलांडलीय, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीला. ती निपाणीत एकटी राहते आणि चटणी करून विकते. चटणी म्हणजे आमच्याकडे वर्षभराचं तिखट: मिरच्या, खोबरं, मसाले भाजून, कांदा-लसूण घालून उखळात कांडलेलं. तिच्या शेजारी, एकाच भिंतीपलीकडे, तिची धाकटी जाऊ राहते. तीही चटणीच करते. सबंध गल्ली या दोन चटण्यांमध्ये वाटली गेलेली आहे. दोघी बाजाराला मात्र बरोबर जातात, कारण दुसरी आधी पोचून चांगली मिरची उचलेल ही भीती दोघींनाही असते.

मी निपाणीला गेले की आत्याच्या घरात फिरून सूचना द्यायची. मोरीत शेवाळ धरलंय, ते घास. गॅसची नळी जुनी झालीय, बदल. स्टुलावर स्टूल ठेवून माळ्यावर चढू नकोस. आत्या सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू आलीस की मला माझ्याच घराची भ्या वाटाय लागते बघ. जेवायला हेल्मेट घालून बसू का?"

इथं एक सांगायला हवं. आमच्या भागात बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. आत्याच्या तोंडी पुढे ते बरंच येईल.

तर त्या दिवशी निपाणीचा बाजार होता. आत्या आणि जाऊ मिरचीवाल्याच्या ढिगासमोर उभ्या होत्या. आत्याला संकेश्वरी मिरची हवी होती आणि तो मधेच ब्याडगीच्या चार मिरच्या मिसळतोय असा तिचा संशय होता. तेवढ्यात मागून एक भाजीचा टेम्पो रिव्हर्स येऊ लागला. हल्ली टेम्पो मागे घेताना त्यात गाणं वाजतं. याच्यात आरतीची चाल होती. जाऊ बाजूला सरकली. आत्या सरकली नाही. टेम्पो सावकाशच आला, पण आला तो थेट आत्याच्या पाठीवर. ती पुढे पडली ती उजवा हात टेकून. मनगट मोडलं आणि डाव्या गुडघ्याखालचं हाड चिरलं.

मला हे कळलं ते जावेच्या फोनवरून, आणि तेही दुपारी. तोवर बरंच काही होऊन गेलं होतं.

टेम्पोवाला चाळिशीतला, मोठ्या मिशांचा माणूस. तो खाली उतरला, आत्याला पडलेली पाहिली आणि तिथंच रडायला लागला. आत्या मिरच्यांत बसून त्याची समजूत घालत होती, "उगी, उगी. काय झालं न्हाय मला." मग त्यानंच तिला टेम्पोत, कोबीच्या पोत्यांना टेकवून बसवलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" आत्यानं सांगितलं, "पाय घसरून पडलो." तसं कागदावर लिहिलं गेलं.

मी फोनवर हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. अपघाताच्या कामात पहिल्या दवाखान्यातल्या पहिल्या नोंदीइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नसतं. मी येईल त्या प्रत्येक अशिलाला सांगते, ओळखीपाळखीच्या माणसांना, रिक्षावाल्याला, भाजीवालीलासुद्धा सांगते: लागलं की त्याच दिवशी दवाखाना, गाडीचा नंबर आणि कसं लागलं ते जसंच्या तसं. जगाला सांगितलं आणि सख्ख्या आत्याला सांगायचं राहिलं. म्हणजे सांगितलं होतं, पण तेव्हा ती हेल्मेट घालून जेवायचं बोलत होती.

संध्याकाळी मी निपाणीत पोचले. आत्या कॉटवर, हाताला प्लास्टर, पायाला फळी, शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी. पायाशी टेम्पोवाला केळी घेऊन बसलेला.

"आत्या, पाय घसरला असं का सांगितलंस?"

"मग काय ह्याला पोलिसात देऊ? घरात दोन लेकरं हायत त्याला."

मी म्हटलं, "अगं, त्याच्या खिशातून काही जाणार नाही. गाडीचा विमा असतो तो याचसाठी. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला लागलं तर कंपनीनं द्यायचं. पण त्यासाठी अपघात झाला हे तर कुठंतरी लिहिलं पाहिजे ना."

टेम्पोवाल्यानं डोळे पुसले. "म्याडम, माझा विमा चालू हाय. लायसन बी हाय. मी सोता सांगतो पोलिसांला. आक्का बऱ्या व्हायला पायजेत बघा." आणि तो खरंच गेला. पोलिसांपुढं त्यानं मागे न बघता गाडी घेतली हे सरळ कबूल केलं. मिरचीवाल्यानंही जबाब दिला. माझ्या सबंध वकिलीत इतका सज्जन विरुद्ध पक्षकार मला परत भेटलेला नाही. तो आत्याला दर बाजाराला कोबी आणून द्यायचा. आत्याला कोबी आवडत नाही. ती तो जावेकडे पाठवायची.

गुडघ्याखाली प्लेट बसली, मनगट जुळलं, काही महिन्यांनी आत्या चालायला लागली. आणि ती चालायला लागल्याबरोबर तिनं जाहीर केलं की आपण पूर्ण बऱ्या झालो. मी दावा दाखल केला होता. त्यात तिला काय काय करता येत नाही ते लिहायचं होतं. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले.

"खाली बसता येतं?"

"येतं की."

"बसून दाखव."

"आता कशाला? आत्ताच उठलोय."

"जड उचलता येतं?"

"काय उचलायचं हाय ते आण. मी बघतो."

"उखळ चालवतेस?"

यावर तिनं भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं जाऊ होती. "चटणीत काय फरक पडलाय काय?" ती मोठ्यानं म्हणाली, "मग झालं तर."

अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तिथंही हेच. त्यांनी "दुखतं का?" विचारलं, ती "अजिबात न्हाय" म्हणाली. डॉक्टरांनी गुडघा धरून हळूच वाकवला. आत्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण तिनं माझा दंड असा धरला की चार बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी कोन मोजायची पट्टी लावली आणि मला म्हणाले, "तुमच्या आत्यांना विचारून काही उपयोग नाही. मी गुडघ्यालाच विचारतो." दाखला बरा मिळाला. त्या दाखल्याच्या आणि जावेनं सांगितलेल्या गोष्टींच्या आधारावर मी प्रतिज्ञापत्र लिहिलं, आत्याला वाचून दाखवलं. ती ऐकत होती की डुलकी घेत होती ते सांगता येणार नाही, पण सही तिनं केली.

मग निपाणीच्या कोर्टात आली उलटतपासणी. आदल्या दिवशी मी तिला समजावलं, "आत्या, तिथं खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पण जे होतंय ते लपवायचंही नाही. दुखतं तर दुखतं म्हण."

"दुखत न्हाय तर काय म्हणू?"

"रात्री पायाला तेल कोण चोळतं मग?"

"तेल तर मी लग्नाच्या आधीपास्नं चोळतो."

दुसऱ्या दिवशी ती नवं इरकल नेसून आली, केसाला गजरा. अपघातग्रस्त बाई सोडून ती बाकी काहीही दिसत होती. सोबत जाऊ आलेली, मांडीवर डब्याची पिशवी. टेम्पोवालाही आला होता, कारण कागदोपत्री तोच पहिला प्रतिवादी. तिघं एका बाकावर बसले आणि जावेनं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. शिपाई धावत आला.

आत्या पिंजऱ्यात चढली. एकच पायरी होती. ती चढताना तिनं कठडा धरला, पण असा, की जणू तो कठडा कुठल्या लाकडाचा आहे ते बघतेय.

विमा कंपनीचे वकील वयस्कर, पांढऱ्या केसांचे आणि अतिशय गोड बोलणारे. आमच्याकडच्या कोर्टात प्रश्न कन्नडात, उत्तर मराठीत आणि टाइप इंग्रजीत, हे रोजचंच. त्यांनी हात जोडून सुरुवात केली, "नमस्कार, अज्जी."

आत्यानं त्यांच्या केसांकडं नीट पाहिलं. "अज्जी? तुमी कवाची पैदास?"

न्यायाधीश साहेबांनी एकदम कागदात डोकं घातलं. वकिलांनी घसा साफ केला. "बरं, आक्का. दवाखान्यात तुम्ही पाय घसरून पडलात असं सांगितलं होतं. बरोबर?"

"व्हय."

वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. आत्या थांबली होती. मग तीच म्हणाली, "का सांगितलं, ते इचारा की."

"ते मला विचारायचं नाही, आक्का."

"तुमी नगा इचारू. मी सांगतो." आणि ती थेट साहेबांकडे वळली. "हा टेम्पोवाला माझ्या उशाला हुबा हुता, साहेब. तोंड एवढंसं झालतं. त्याच्या म्होरंच कसं सांगू, ह्यानंच पाडलं म्हणून? वाईट दिसतंय ते."

मागच्या बाकावर टेम्पोवाल्यानं हात जोडले. साहेबांनी हे सगळं टाइपिस्टला एका वाक्यात सांगितलं: साक्षीदारानं चालकाबद्दलच्या दयेपोटी तसं सांगितलं. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

वकील हुशार होते. त्यांनी दुसरी बाजू धरली. अपघातात जखमी माणसाचीही थोडी चूक निघाली, तर तेवढा हिस्सा भरपाईतून कापला जातो. ते म्हणाले, "टेम्पो मागे येताना गाणं वाजत होतं. तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं की. माझे कान चांगले हायत."

"तरीही हलला नाहीत?"

"आरती हुती ती. मला वाटलं कुणाच्या घरी सत्यनारायण हाय. आरती चालू असताना कोण हलतंय? मी तर हात जोडलं."

जाऊ मागून म्हणाली, "खरं हाय. जोडलं हुतं हात." शिपायानं तिला दटावलं.

मग वकिलांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "आक्का, आता तब्येत कशी आहे?"

"एकदम बेस."

"हात-पाय दुखतात?"

"न्हाय."

"प्रतिज्ञापत्रात लिहिलंय की तुम्हाला खाली बसता येत नाही, वजन उचलता येत नाही, पूर्वीसारखं काम होत नाही."

आत्यानं डाव्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ते हिनं लिवलंय."

मी वर पंख्याकडे पाहिलं. त्याचा एक स्क्रू ढिला वाटत होता.

आता वकिलांनी बसायला हवं होतं. त्यांच्या हातात सगळं आलं होतं. मी त्यांच्या जागी असते तर बसले असते. पण आत्या त्यांच्याकडे बघून इतकी प्रसन्न हसत होती की त्यांनाही मोह झाला असावा. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही अपघाताच्या आधी जे जे करत होता, ते सगळं आताही करता. हो ना?"

"समदं करतो," आत्या म्हणाली. "कोण करणार दुसरं? निस्ती रीत बदलल्या."

"म्हणजे?" हे साहेबांनी विचारलं.

"म्हंजे असं बगा." आत्यानं कठड्यावर कोपर टेकलं आणि गल्लीत ओट्यावर बसून सांगावं तसं सांगायला लागली. "भाकरी आधी थापून करत हुतो. आता हात फिरत न्हाय, तर लाटून करतो. पीठ उकडून घेतलं की कुणाला कळत न्हाय. पाट माळ्यावर टाकला, उंच स्टूल घेतलं, त्यावर बसून जेवतो. म्हंजे ताट मांडीवर. संडास खुर्चीचा करून घेतला. त्यो लई झाक हाय, साहेब, तुमी बी करून घ्या."

टाइपिस्टचे हात थांबले. साहेबांनी त्याला टाइप करत राहायची खूण केली.

"पाणी घागरीनं भरत हुतो, आता तांब्या-तांब्यानं भरतो. येळ लागतोय, पण मला कुठं हापिसला जायचंय? अंबाडा घालाय दोन हात लागत्यात, तर केस कापून निम्मं केलं, चिमटा लावतो. हे गंगावन हाय." तिनं गजरा लावलेल्या अंबाड्याला हात लावला. "पायरी उतरताना तोंड घराकडं करून उलटं उतरतो. लई सोपं जातंय. लोकांना वाटतंय कुलूप लागलंय का बघतोय. देवाला आधी वाकून पाया पडत हुतो, आता हुबं राहूनच. देवाचं काय, त्याला लांबनं बी दिसतंय."

तिला हे सगळं आपल्या हुशारीचे नमुने म्हणून सांगायचं होतं. एकेक सांगताना ती साहेबांकडं, वकिलांकडं, माझ्याकडं बघत होती, की बघा, कशी वाट काढली. मी इतक्या वेळा तिच्याकडे जेवले होते. लाटलेली भाकरी मला कळली नव्हती. दारात मला निरोप देताना ती पायरीवर पाठमोरी का होते, हेही नाही. केस कापल्याचं तर मुलालाही माहीत नव्हतं. मी लिहून घेत होते, पण मधेच मला पुढचं अक्षर दिसेनासं झालं आणि मी नुसतीच पेन धरून बसले.

साहेबांनी विचारलं, "आणि चटणी? ती तुम्ही अजून उखळातच कांडता?"

आत्यानं कठड्यावरचं कोपर काढलं. तिनं मागे बाकाकडं पाहिलं. जाऊ पिशवीच्या बंदाशी खेळत होती. 'हातकांडप' हा आत्याचा गल्लीतला सगळा मान होता. त्या एका शब्दावर तिची गिऱ्हाइकं पिढीजात टिकली होती.

"आक्का, सांगून टाका," जाऊ म्हणाली. शिपाई तिच्याकडे निघाला तरी ती थांबली नाही. "समद्या गल्लीला ठाऊक हाय. दुपारच्याला तुमी मिरच्या मशिनीवर नेता. मीच त्या मशिनवाल्याला सांगितलंय, आक्काच्या मिरच्या आल्या की आधी आदली चटणी साफ पुसून मगच घाल म्हणून."

साहेबांनी जावेला बाहेर बसायला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज मुद्दाम कडक केल्यासारखा वाटला. ती पिशवी घेऊन दाराबाहेरच्या बाकावर गेली, पण दार उघडंच होतं.

आत्यानं उजव्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "मुसळ उचलत न्हाय, साहेब. पयल्या दिवशी उचलाय गेलो तर हातातनं सुटून पायावर पडलं. मग न्हाय उचललं."

विमा कंपनीचे वकील सावकाश खाली बसले. फेरतपासणीत काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं.

येताना रिक्षात दोघी जावा शेजारी बसल्या होत्या, मधे डब्याची पिशवी. घर आलं. जावेनं आधी उतरून हात पुढं केला.

"सोड," आत्या म्हणाली, "मला येतंय उतराय."

"आत्ताच कोर्टात सांगितलंस येत न्हाय म्हणून." आयुष्यभर 'तुमी' म्हणणारी जाऊ पहिल्यांदाच आत्याला एकेरीत बोलली.

"ते कोर्टात." पण आत्यानं हात धरला. उतरल्यावर म्हणाली, "आणि मशिनवाल्याला कवा सांगितलंस गं ते?"

"मागल्या दिवाळीच्या आधी."

"तरीच," आत्या म्हणाली. "तरीच चटणीला तुझ्या लसणाचा वास यायचा बंद झाला."

निकाल व्हायला बरेच महिने गेले. साहेबांनी टेम्पोवाल्याचा निष्काळजीपणा मान्य केला. गाणं वाजलं म्हणून मागे बघायची जबाबदारी संपत नाही असं लिहिलं आणि आत्याच्या माथी चुकीचा काहीही हिस्सा मारला नाही. चटणीच्या उत्पन्नाची कागदपत्रं नव्हती, तरी गिऱ्हाइकांच्या साक्षी आणि घरकामाची किंमत धरून भरपाई दिली. मी मागितली होती त्यापेक्षा कमी, मला वाटली होती त्यापेक्षा बरी. कंपनीनं रक्कम भरली. टेम्पोवाला पेढे घेऊन आला आणि परत रडला.

मी निकालाची प्रत घेऊन निपाणीला गेले. आत्याला एकेक परिच्छेद मराठीत सांगत होते. ती स्टुलावर बसून ऐकत होती. एका ठिकाणी तिनं थांबवलं.

"परत वाच."

"'अर्जदार या वृद्ध महिला असून...'"

"अपील कर," आत्या म्हणाली.

"अगं, रक्कम चांगली आहे. वाढून वाढून किती वाढणार?"

"रकमेचं कोण बोलतंय? त्यो शब्द काढाय सांग. धारवाडच्या हायकोर्टात जायचं तर धारवाडला जाऊ. मी येतो."

विशेषणाविरुद्ध अपील करता येत नाही हे तिला पटवायला मला चहाचे दोन कप लागले. अजूनही ते पूर्ण पटलंय असं नाही. कुणी नवीन वकील घरी आला की ती त्याचं मत घेते.

या कामानंतर मी माझी एक पद्धत बदलली. आता अशिलाला मी 'तुम्हाला काय करता येत नाही' असं विचारतच नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दिवस कसा जातो तेवढं विचारते आणि गप्प बसते. माणसं भाकरीवर आली की मग सगळं बाहेर येतं.

भरपाईतून आत्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे गवंड्याला बोलावून मोरीत आणि संडासात धरायला स्टीलच्या दांड्या बसवून घेतल्या. मी कित्येक वर्षं सांगत होते. मी कौतुक करायला तोंड उघडलं तर म्हणाली, "टावेल वाळत घालायला घेतल्यात. दोरी तुटत हुती." त्यावर तिनं खरंच एक टॉवेल घालून ठेवला होता. पुढच्या महिन्यात जावेकडेही गवंडी आला. तिचे हातपाय धडधाकट आहेत. मी विचारलं तर म्हणाली, "आक्काच्या मोरीत टावेल लई चांगले वाळत्यात."